रस्ता आला म्हणून गाव बिघडलं?

हिमालयात फिरून आलेल्या मंडळींच्या गप्पांत एक वाक्य हमखास येतं. "आम्ही गेलो होतो ना, तेव्हा तिथे रस्ता नव्हता!" हे वाक्य बोलताना चेहऱ्यावर थोडा अभिमान असतो आणि थोडं दुःखही. मग पुढचं वाक्य येतं, "आता सगळं बिघडलं." नेपाळमधल्या अन्नपूर्णा परिक्रमेबद्दल तर हे इतक्या वेळा ऐकलंय की आता ते पाठ झालंय. एकेकाळी जगातल्या उत्तम पदयात्रांपैकी एक म्हणून जिचं नाव घेतलं जायचं, तिच्या पश्चिमेच्या अर्ध्या भागात २००८ च्या सुमारास जीप धावू लागल्या. बेनीहून जोमसोम, जोमसोमहून मुक्तिनाथ. जिथे पायी आठवडा लागायचा तिथे आता एका दिवसात माणूस पोचतो. तेव्हापासून हा शोक चालू आहे.

मला हा शोक पटत नाही. पण "विकास झाला, छान झालं" असं म्हणून टाळ्या वाजवणंही पटत नाही. या दोन्हीच्या मध्ये काहीतरी आहे आणि ते नीट मांडावं म्हणून हे लिहितोय.

२०२४ च्या ऑक्टोबरमध्ये मुक्तिनाथहून कागबेनीपर्यंत एक दिवस चाललो, त्याबद्दल आधी सांगतो. मोठा ट्रेक वगैरे काही नाही. मुक्तिनाथच्या पायथ्याचं राणीपौवा हे गाव सुमारे ३७०० मीटर उंचीवर आहे, कागबेनी २८०० वर. म्हणजे दिवसभराचा उतारच. राणीपौवा हे नावही गमतीचं आहे. पौवा म्हणजे वाटसरूंसाठी बांधलेली धर्मशाळा. राणीने बांधलेली म्हणून राणीपौवा. चालणाऱ्यांची सोय हीच त्या गावाची ओळख आहे, हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

मुक्तिनाथ ते कागबेनी जायला दोन वाटा आहेत. दक्षिणेच्या बाजूने झारकोट, खिंगार करत डांबरी रस्ता जातो. जीप, बस, मोटारसायकली सगळं तिथून. उत्तरेच्या बाजूने, ओढ्यापलीकडे, छोंगुर, झोंग, पुताक अशी गावं लागतात. तिकडेही कच्चा रस्ता पोचलाय, पण वाहन क्वचित. आम्ही दोघं मित्र त्या बाजूने निघालो.

सकाळी ओढ्याच्या कडेला बर्फाची पातळ साय धरलेली. पाण्याच्या पाटांच्या कडेने वाळुंजाची आणि पॉप्लरची झाडं, पानं पिवळीधमक. बाकी सगळा डोंगर बोडका, मातकट, कुठे तांबूस. अन्नपूर्णा आणि धौलागिरी या दोन पर्वतांच्या मागे असल्यामुळे इथे पावसाळा जवळजवळ पोचतच नाही. जिथे पाट पोचतो तेवढंच हिरवं. त्यामुळे गाव म्हणजे काय, हे लांबूनच कळतं. उघड्या डोंगरावर मध्येच एक हिरवा तुकडा आणि त्याच्या वरच्या अंगाला सपाट धाब्याची मातीची घरं. धाब्याच्या कडेने सरपणाची रचलेली भिंत. आमच्या बरोबर समोर, दरीपलीकडे एका सोंडेवर झारकोट दिसत होतं आणि त्याच्या वरून रांगेने जाणाऱ्या जीपगाड्या. आवाज येत नव्हता, फक्त धूळ आणि काचांची चमक.

झोंग हे एकेकाळी या खोऱ्याचं मुख्य ठिकाण. गावाच्या वर टेकाडावर जुन्या किल्ल्याच्या मातीच्या भिंती अजून उभ्या आहेत, शेजारी गोम्पा. तिथे एका घरात जेवणाची सोय झाली. डाळ, भात, बटाट्याची भाजी, मुळ्याचं लोणचं. वाढणाऱ्या दिदी पन्नाशीच्या असतील. माझ्या मित्राने सवयीने तो प्रश्न विचारलाच. हिंदी त्यांना चांगलं येत होतं.

"दिदी, रस्ता आल्यामुळे इथली शांतता गेली असेल ना?"

त्या हसल्या. म्हणाल्या, "दाइ, रस्ता नव्हता तेव्हा तुम्ही चालत होता. आम्ही ओझं वाहत होतो. एकच वाट होती, पण चालणं एक नव्हतं."

मग त्यांनी सांगितलं. गॅसचं सिलिंडर पाठीवर डोक्यात घालून आणायचं. डोको म्हणजे बांबूची टोपली, तिचा पट्टा कपाळावर घ्यायचा, त्याला नाम्लो म्हणतात. सासऱ्यांना एकदा रात्री छातीत दुखू लागलं तेव्हा चौघांनी त्यांना डोकोत बसवून जोमसोमला नेलं, पहाट उजाडली पोचायला. ते वाचले. शेजारच्या एक बाई बाळंतपणात नाही वाचल्या. "आता जीपवाल्याला फोन करते," एवढंच म्हणाल्या आणि भात आणायला आत गेल्या.

यावर आम्ही काय बोलणार?

तर पहिला मुद्दा हा. ज्या वाटेला आपण ट्रेक म्हणतो ती वाट कुणीही ट्रेकसाठी बनवलेली नाही. काली गंडकीचं हे खोरं शेकडो वर्षं मिठाचा रस्ता होतं. तिबेटातलं मीठ खाली यायचं, खालचं धान्य वर जायचं, खेचरं आणि माणसं दोन्ही ओझ्याखाली. आपला नाणेघाट काही सह्याद्रीत भटकणाऱ्यांच्या हौसेसाठी खोदलेला नाही, तसंच. तुकुचे गावातल्या थकाली व्यापाऱ्यांनी या मिठावर वाडे बांधले. मग १९५९ नंतर तिबेटातली परिस्थिती पालटली, भारतातून स्वस्त मीठ डोंगरात पोचू लागलं आणि तो व्यापार बसला. थकाली कुटुंबं पोखरा-काठमांडूकडे सरकली, अनेकांनी खाणावळी काढल्या. आज नेपाळच्या कुठल्याही शहरात "थकाली भान्छा घर" अशी पाटी दिसते, तिची मुळं याच वाटेवर आहेत. १९७७ मध्ये परिक्रमेची वाट परदेशी लोकांना खुली झाली आणि मिठाच्या जागी पाठपिशवीवाले आले. म्हणजे "आम्ही गेलो होतो तेव्हाचं खरं गाव" ज्याला म्हणतात, तेही एका जुन्या गावाच्या मोडतोडीतून उभं राहिलेलं, तीसेक वर्षांचं गाव होतं. त्याच्या आधीचा माणूस त्यालाही बिघडलेलंच म्हणाला असता.

झोंगच्या दिदींच्या घरात भिंतीवर फोटो होते. एक मुलगा न्यूयॉर्कमध्ये. हे एकट्या त्यांच्या घरात नाही. मुस्तांगच्या गावागावांतली तरुण मंडळी तिकडे गेलेली आहेत. हिवाळ्यात भारतातल्या शहरांमध्ये स्वेटर विकायला उतरण्याची जुनी रीतही या भागात आहे. तेव्हा रस्ता यायच्या आधी ही गावं जगापासून अलिप्त होती, ही आपली समजूत आहे. ती अलिप्त कधीच नव्हती. फक्त त्यांचं जगाकडे जाणं पायी होतं आणि त्याचे कष्ट त्यांनीच काढले.

हे सगळं मान्य. मग रस्त्याला हात जोडून मोकळं व्हायचं का? इथे माझा दुसरा मुद्दा सुरू होतो.

रस्ता सगळ्या गावांना सारखं देत नाही. पायवाट देत होती, कारण माणूस पायाने चालतो तेव्हा त्याला दर दोन तासांनी चहा लागतो, दुपारी जेवण लागतं, संध्याकाळी अंथरूण लागतं. त्यामुळे पैसा वाटेवर थेंब थेंब पडत जायचा, घासाला थोडा, लेतेला थोडा, कालोपानीला थोडा, तुकुचेला थोडा. गाडी मात्र दोनच ठिकाणी पैसा टाकते, जिथून निघते तिथे आणि जिथे पोचते तिथे. पोखऱ्यात बसलेला यात्रेकरू मुक्तिनाथला उतरतो. मधली गावं त्याला खिडकीतून दिसतात, तेही तो जागा असला तर. राणीपौव्यात आज चार-चार मजली हॉटेलं आहेत. जिथे पूर्वी चालणारे मुक्कामाला थांबत त्या मधल्या गावांत कित्येक लॉजचे दरवाजे बंद दिसतात. रस्त्यामुळे पर्यटन वाढलं हे खरं, पण त्याची वाटणी बदलली हेही खरं, आणि आकड्यांच्या बेरजेत हा दुसरा भाग हरवतो.

तिसरा मुद्दा रस्ता कसा होतो याचा. नेपाळमध्ये एक शब्दप्रयोग रूढ झालाय, "डोजरे विकास". डोझर आणायचा, डोंगराची कड खरवडायची, माती खाली ढकलून द्यायची, की झाला विकास. ना पाण्याचा निचरा, ना भिंत, ना उताराचा विचार. पहिल्या पावसात वरची बाजू रस्त्यावर येते, दुसऱ्या पावसात रस्ता खालच्या शेतावर जातो. आणि बहुतेक ठिकाणी हा रस्ता जुन्या पायवाटेवरूनच जातो, कारण शेकडो वर्षांच्या चालण्याने सर्वांत सोयीचा उतार शोधून ठेवलेला असतो. म्हणजे चालणाऱ्याची वाट मोडते आणि गाडीचीही धड होत नाही. चालून शाळेत जाणारं पोर, शेतात जाणारी बाई, शेळ्या घेऊन निघालेला म्हातारा, यांच्यासाठी पर्यायी वाट कुणी ठेवत नाही. रस्ता हवा म्हणणारी माणसंसुद्धा रोज पायीच चालत असतात, हे डोझरवाल्याच्या डोक्यात येत नाही.

संध्याकाळी आम्ही पुताक ओलांडून कागबेनीला उतरलो. दुपारनंतर या खोऱ्यात वारा सुटतो आणि तो वारा काय असतो हे अनुभवल्याशिवाय कळत नाही. खालच्या मैदानाकडून वर तिबेटच्या पठाराकडे रोज ठरल्या वेळी, नदीच्या पात्रातली वाळू उचलत. जोमसोमची विमानं म्हणूनच सकाळीच उडतात. तोंडाला रुमाल बांधून, डोळे बारीक करून चालावं लागतं. आणि मग वळणावर खाली कागबेनी दिसतं. काली गंडकीच्या विस्तीर्ण करड्या पात्राच्या कडेला हिरवी शेतं आणि मध्ये गोम्पाची तांबडी भिंत. हा गोम्पा १४२९ सालचा. इथे झोंग खोला काली गंडकीला मिळतो आणि त्या संगमावर लोक पितरांना पिंड देतात.

याच ओढ्याला ऑगस्ट २०२३ मध्ये पूर आला. जिथे पाऊस जवळजवळ पडतच नाही म्हटलं जातं, तिथे मुसळधार पाऊस झाला आणि ओढा चिखल-दगड घेऊन गावात शिरला. घरं गेली, पूल गेला. आम्ही पोचलो तेव्हा वर्ष उलटून गेलं होतं, तरी चिखलाच्या रेषा काही भिंतींवर दिसत होत्या. ओढ्याच्या अगदी कडेला जी बांधकामं होती त्यांचं सर्वाधिक नुकसान झालं हे कुणीही बघून सांगेल. जुनं गाव मात्र थोडं वर, दाटीवाटीने, बोळांतून वळणं घेत बसलेलं आहे. जुन्या लोकांनी नदीला जागा सोडली होती. नव्या घाईने ती घेतली. हवामान बदलतंय हे कारण आहेच, धाब्याची मातीची घरं इतक्या पावसासाठी बांधलेलीच नाहीत. पण त्यावर आपण आपली भर घालतो.

आता थोडं आपल्याबद्दल, म्हणजे मराठी माणसांबद्दल. कारण मुक्तिनाथला आपली माणसं पुष्कळ जातात. आपल्या कित्येकांच्या देवघरातला शाळिग्राम याच काली गंडकीतला. (तो म्हणजे अमोनाइट या समुद्री जिवाचा जीवाश्म, पंधरा कोटी वर्षांच्या आसपास जुना. हिमालयाच्या जागी समुद्र होता त्याची ती खूण. श्रद्धा असो नसो, हात जोडावेत असंच आहे ते.) मुक्तिनाथला १०८ धारांखालून जायचं, दोन कुंडांत बुडी मारायची, दर्शन घ्यायचं. तिथे हिंदूंचा विष्णू आणि बौद्धांचा लोकेश्वर एकाच मूर्तीत आहे आणि देवळाची देखभाल बौद्ध भिक्षुणी करतात. खाली ज्वालामाईच्या देवळात पाण्याशेजारी नैसर्गिक वायूची ज्योत जळते. शांतपणे बघण्यासारखं, समजून घेण्यासारखं किती आहे तिथे!

पण आपल्या सहलींचा कार्यक्रम काय असतो? पोखरा ८०० मीटरवर. सकाळी निघायचं, रात्री जोमसोम, दुसऱ्या दिवशी मुक्तिनाथ, दर्शन, परत. कुणाकुणाचा तर त्याच दिवशी. ३७०० मीटरवर प्रत्येक श्वासात मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या सुमारे दोन तृतीयांश असतो. डॉक्टर सांगतात की ३००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची दिवसाला ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये. आणि आपल्या बसमध्ये असतात सत्तरीतले आजी-आजोबा, मधुमेह, रक्तदाब, गुडघे. वर त्या गार धारांखालून धावत जायचं. मंदिराच्या पायऱ्यांवर कपाळ धरून बसलेली, ओठ निळसर पडलेली माणसं मी पाहिली. त्यांना कुणीतरी म्हणत होतं, "थोडं राहिलंय, चला, देव बोलावतोय." डोकेदुखी, मळमळ, तोल जाणं ही लक्षणं दिसली तर देवाने नव्हे, शरीराने खाली बोलावलेलं असतं. लगेच उतरावं, त्यापेक्षा खात्रीचा उपाय नाही.

घाईचा धोका हवेतही असतो. २९ मे २०२२ ला पोखऱ्याहून जोमसोमला निघालेलं छोटं विमान डोंगरावर आदळलं, त्यातले सगळे २२ जण गेले, त्यात आपल्याकडचेही होते. विमानाने जाऊ नका असं मी म्हणत नाही. पण हवा खराब असेल तर एक दिवस थांबायची तयारी ठेवून जा, वेळापत्रकात तेवढी जागा ठेवा, एवढं तरी म्हणू या. पायी जाणाऱ्यांनीही शहाणपणा मिरवू नये. ऑक्टोबर २०१४ मध्ये थोरोंग ला या खिंडीच्या परिसरात अवेळी हिमवादळ झालं आणि चाळीसहून अधिक माणसं गेली. डोंगर पायी आणि गाडी असा भेद करत नाही.

थोडक्यात काय, तर भांडण रस्त्याशी नाही, घाईशी आहे. घाईत खोदलेला रस्ता, नदीकाठी घाईत उभारलेली इमारत आणि घाईत उरकलेली यात्रा, या एकाच माळेतल्या गोष्टी आहेत. आणि यातली तिसरी तरी आपल्या हातात आहे.

मग काय करायचं? माझ्या मते तीन साध्या गोष्टी.

एक, पायवाट जिवंत ठेवायची, म्हणजे तिच्यावरून चालायचं. परिक्रमेत रस्ता टाळून जाणाऱ्या वाटा शोधून त्यांवर लाल-पांढऱ्या आणि निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या खुणा केलेल्या आहेत. रस्त्याला नाकं मुरडणारे किती जण त्या वाटांनी जातात? न चाललेली वाट चार पावसाळ्यांत बुजते, मग ती डोझरने नेली काय आणि गवताने नेली काय. ज्यांना सगळं चालणं शक्य नाही त्यांनी मुक्तिनाथपर्यंत जीपने जावं आणि उतरताना झोंगच्या बाजूने एक दिवस चालावं. चार-पाच तासांचा उतार आहे, धडधाकट माणसाला झेपतो.

दोन, मधल्या गावात थांबायचं. मार्फाला एक रात्र, कागबेनीला दोन. मार्फाच्या सफरचंदांसाठी थांबा, कागबेनीच्या बोळांसाठी थांबा, कशासाठीही थांबा. पोटात डाळभात जाईल, घरमालकिणीला चार पैसे मिळतील आणि फुप्फुसांना विरळ हवेची सवय होईल. डॉक्टरांचा सल्ला आणि मधल्या गावांचं हित इतकं जुळून यावं, असं फार थोड्या बाबतींत होतं. सहल काढणाऱ्यांना आपण गिऱ्हाइकांनीच सांगितलं पाहिजे की दोन दिवस वाढवा, त्याचे पैसे आम्ही देतो. कार्यक्रम कमी दिवसांचा म्हणून स्वस्त, आणि स्वस्त म्हणून आपण तो घेतो, तोवर तो तसाच राहणार.

तीन, शोक आवरता घ्यायचा. त्याऐवजी रस्ता कसा केलाय, त्याच्या कडेला पाणी जायला जागा आहे का, चालणाऱ्याला वाट ठेवली आहे का, हे विचारावं. हे प्रश्न तिथल्या लोकांचेही आहेत, त्यामुळे ते विचारताना आपण त्यांच्या बाजूला उभे असतो. "रस्ता कशाला आणलात?" असं विचारताना आपण त्यांच्यासमोर उभे असतो, हातात परतीचं तिकीट घेऊन.

गाव बिघडलं की सुधारलं, हे ठरवण्याचा अधिकार ज्याला तिथे हिवाळा काढायचा आहे त्याचा. आपण पाहुणे. पाहुण्याने सावकाश यावं, वाढलेलं जेवावं, निघताना पैसे नीट द्यावेत आणि पुढच्या पाहुण्याला वाट सांगावी. तेवढं केलं तरी पुष्कळ झालं.